लाल गाडीवरचा तांबेरा

माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर पाठीत एक आडवी तपकिरी रेघ असायची. तुर्भ्याच्या वस्तीत आमची पत्र्याची खोली होती आणि कपडे वाळत घालायची तार गंजलेली होती. आई लिंबू-मीठ लावून ती रेघ घासायची. घासून घासून शर्ट विरायचा, रेघ तशीच राहायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, "काय गं, पाठीवर रूळ टाकलेत काय?" मी म्हणायचे, "हो, गाडी यायचीय."

डोक्यावरच्या पत्र्याची तीच गत. दुपारी त्याच्या भोकांतून जमिनीवर उन्हाचे ठिपके पडायचे. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, डांबराचा गोळा करून एक भोक बुजवायचे, की शेजारी दुसरं तयार. अण्णा बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोण्या उचलायचे. आई तिथेच लसूण निवडायला बसायची. बाजार बंद असला की आमच्याकडे भाताची पेज आणि त्याच्यावर आईच्या गप्पा. साताऱ्याकडचं गाव सोडून अण्णा इकडे आले तेव्हा त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती, तळाला गंजलेली. त्याच पेटीत माझी पुस्तकं असायची. त्यामुळे माझ्या सगळ्या पुस्तकांचे कोपरे तपकिरी. गंज म्हणजे आमच्या घरातलं भाडं न देणारं माणूस होतं.

पण रडगाणं गायला मी बसलेली नाही. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवी घेतली, महाप्याला नोकरीला लागले, त्याच नोकरीच्या जोरावर ऐरोलीला फ्लॅट घेतला आणि आई-अण्णांना तिथं आणलं. हे मी अभिमानाने सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि मग बऱ्याच वर्षांनी, सगळं मार्गी लागल्यावर, मी एक गाडी घेतली. लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. का घेतली? मला हवी होती म्हणून. याहून मोठं कारण मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

दसऱ्याला गाडी सोसायटीत आली. अण्णांनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मागच्या शिटा कुठायत?"

"नाहीत, अण्णा. दोनच सीट असतात हिला."

"एवढ्या लांब गाडीला दोनच? मग तुझी आई कुठं बसनार?"

आई ताम्हण घेऊन उभी होती. "आन् तुमी बसनार हे कुनी ठरवलं?"

"मी बाप हाय तिचा."

"मी काय शेजारीन हाय?"

वॉचमन हसला, मी हसले, समोरच्या विंगमधल्या काकूही गॅलरीतून हसल्या. आईने हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि काचेच्या खाली, जिथून वायपर निघतात तिथे, झेंडूची एक भलीमोठी माळ घातली. दसऱ्याची माळ आपण हाताने काढायची नाही, ती वाळून आपसूक पडली पाहिजे, ही आमच्याकडची पद्धत. त्यामुळे पुढचे किती तरी दिवस मी महाप्याच्या ऑफिसात वाळका झेंडू मिरवत जात होते. सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं आधी गाडीकडे बघायची, मग झेंडूकडे, मग माझ्याकडे.

ती माळ संपली तशी आईने दर शुक्रवारचा नेम धरला. देवीची पूजा झाली की ताटातलं एक झेंडूचं फूल घेऊन ती खाली उतरायची आणि गाडीला वाहायची. बॉनेटवर ठेवलं की वाऱ्याने उडायचं. म्हणून ती ते काचेच्या बुडाशी, काळ्या प्लास्टिकच्या जाळीत नीट खोचायची. "हितं बसतं बघ," म्हणायची. "गाडीनं स्वतःच जागा ठेवलीय."

त्या वर्षी अण्णा जत्रेहून परत आले आणि गाडीने गावी जायचं ठरलं. गावच्या देवीच्या जत्रेला अण्णा दरवर्षी एसटीने जातात. पुढच्या खेपेला लाल गाडीतून जायचं, देवळासमोर उतरायचं, गावातली सगळी म्हातारी माणसं पारावर बसलेली असताना. अण्णांनी हे इतक्यांदा बोलून दाखवलं की मलाच ते दृश्य पाठ झालं. त्यात ते दार उघडून लगेच उतरायचे नाहीत, थोडा वेळ आतच बसायचे.

पावसाळा आला. आमचं पार्किंग उघड्यावर आहे आणि खाडीही जवळ. पाऊस सरता सरता गाडीच्या आत दमट वास येऊ लागला, ओल्या पोत्यासारखा. मग एका रविवारी अण्णा गाडी पुसत होते. पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, तिथे कुणाला शिवू देत नसत. त्यांनी मला खालूनच हाक मारली. दाराखालच्या पट्टीवर, लाल रंगाच्या आतून, तपकिरी फोड उठले होते. अण्णांनी नखाने एक खरवडला. रंगाची खपली पडली आणि बोटाला तांबडी भुकटी लागली.

"तांबेरा," अण्णा म्हणाले. गव्हावर पडणाऱ्या रोगाला गावाकडे तांबेरा म्हणतात. "नव्या पिकावर तांबेरा पडला की पोरी."

वर्षाची पण नव्हती गाडी. माझी पाठ एकदम थंड झाली, तो शर्ट पुन्हा अंगावर चढल्यासारखी.

अण्णांनी फडका पिळला, बादलीवर टाकला आणि शांतपणे म्हणाले, "हे बघ. मी गंजलेली पेटी घेऊन गाव सोडलं. गंजलेली गाडी घेऊन मी परत जानार न्हाय. हे निघालं तर जाऊ. न्हाईतर आपली एसटी बरी." आणि ते खरंच तसं करतात. अण्णा एकदा नाही म्हणाले की घरात कुणी पुन्हा तो विषय काढत नाही. जत्रेला अजून काही महिने होते.

आता गंमत बघा. या गाडीचं सर्व्हिस सेंटर तुर्भ्यालाच. आमची पत्र्याची खोली जिथे होती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा तिथे कारखान्याचं गोडाऊन होतं. आता काचेची भिंत, आत एसी, कॉफीचं यंत्र आणि पांढऱ्या फरशीवर ठेवलेली एक गाडी, जिला हात लावायचा नाही. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच्या टपरीवर चहा घेऊन गेले. तुर्भ्यात येऊन यंत्राची कॉफी मी पिणार नाही.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हसतमुख मुलगा होता. दर वाक्याला "मॅम". त्याने गाडीभोवती टॅब घेऊन फोटो काढले, फोडांचे कमी, माझ्या टायरांचे जास्त.

"मॅम, तुम्ही राहता कुठे?"

"ऐरोली."

"बघा!" तो म्हणाला, जसं काही चोर सापडला. "खाडीची हवा आहे मॅम. खारी हवा. हे कंपनीच्या हातात नाही."

"मग ही गाडी कुठे राहणाऱ्या माणसाने घ्यावी? तुमचं शोरूम पण खाडीपासून फार लांब नाहीये."

तो हसला. गाडी ठेवून घेतली. परत मिळाली तेव्हा फोडांवर लाल रंगाचा फवारा मारला होता, आणि तो लाल माझ्या लालपेक्षा जरा टोमॅटोकडे झुकलेला होता. "पाण्याच्या सगळ्या वाटा साफ केल्या मॅम, अंडरबॉडी वॉश पण केला," असं मला सांगितलं. रेडिओवर कुणीतरी भोजपुरी स्टेशन लावून ठेवलं होतं, ते मला आवडलं म्हणून मी काढलं नाही.

महिन्याभरात फोड पुन्हा आले, आता दोन्ही बाजूंना. मी पुन्हा गेले.

"मॅम, तुम्ही गाडीला कव्हर घालता?"

"घालते."

"तेच तर! आत ओल धरते. कव्हर घालू नका."

पुढच्या वेळी दुसरा माणूस होता. "मॅम, तुम्ही कव्हर घालत नाही?"

"तुमच्याच माणसाने सांगितलं घालू नका."

"कुणी?"

"तो, निळ्या शर्टातला."

"मॅम, आमचे सगळेच निळ्या शर्टात असतात."

त्याचं बरोबर होतं. मी हसू आवरलं नाही. पण गाडी परत नेताना त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, पाण्याच्या वाटा साफ केल्या, काळजी नको. आणि आतला ओल्या पोत्याचा वास तसाच. घरी आले की आई दारातच विचारायची, "निघालं?" मी नाही म्हणून मान हलवायचे. अण्णा पेपरातून वर बघायचे नाहीत. जत्रा जवळ येत होती आणि पारावरच्या म्हाताऱ्यांची गोष्ट त्यांनी सांगायची बंद केली होती. मला फोडांपेक्षा ते जास्त लागलं.

कंपनीच्या फोनवर संगीत ऐकण्यात मी काही दुपारी घालवल्या. मेल पाठवले, त्यांना 'आपली गैरसोय आम्हाला समजते' अशी उत्तरं आली. शेवटी मी ठरवलं, आता विचारायचं नाही, बघायचं. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं, "मी येते आहे. या वेळी गाडी आत नेऊन दार लावायचं नाही. मी समोर उभी राहणार. पाणी कुठून येतंय ते दिसेपर्यंत एकेक भाग माझ्यासमोर उघडा."

"मॅम, कस्टमरला वर्कशॉपमध्ये अलाउड नाही."

"मग तुम्ही गाडी बाहेर आणा. मला चालेल. फुटपाथवर उघडू."

त्यांना ते चालणार नव्हतं. मी त्या भागात वाढलेली आहे, फुटपाथवर मला काही अवघड नाही.

निघताना अण्णा चप्पल घालून तयार. "मी पन येतो. दुसरी शीट मोकळीच हाय."

आईने शुक्रवारचं फूल खोचलं आणि आम्ही निघालो. ठाणे-बेलापूर रोडवर अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. तुर्भे आल्यावर म्हणाले, "ही बघ, हितं आपला नळ होता." तिथे आता गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे.

वर्कशॉपमध्ये गाडी घेतली. मॅनेजर, दोन निळे शर्ट, एक मेकॅनिक, मी आणि अण्णा. अण्णांना त्यांनी खुर्ची दिली, ती अण्णांनी गाडीच्या अगदी जवळ ओढून घेतली, नाटकाला पुढची जागा मिळाल्यासारखी. आधी आतलं कार्पेट उचललं. खाली पाणी. मेकॅनिकने बोट बुडवून दाखवलं, बोटाचं पेर भिजलं. मग पाणी येतंय कुठून हे बघायला काचेवर पाइप धरला. वरचं पाणी काचेवरून त्या काळ्या जाळीत जात होतं आणि बाजूने खाली निघायला हवं होतं. निघत नव्हतं. थोड्या वेळाने ते आतल्या कार्पेटवर आलं.

"वायपर काढा, जाळी काढा," मी म्हणाले.

मेकॅनिकने वायपर काढले, क्लिपा उचकटल्या आणि ती लांब प्लास्टिकची जाळी उचलली.

खाली पन्हळ होती. पन्हळीत काळ्या चिखलासारखा थर होता, कुजलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा, त्यात अजून ओळखू येणारे पिवळे तुकडे. आणि त्या थरात, कोपऱ्यात, पाण्याच्या भोकावर बरोब्बर बसलेलं, झेंडूचं एक रोप उभं होतं. जाळीच्या फटींतून उजेड शोधत वाकडंतिकडं वाढलेलं, फिकट, लांब, कातरलेल्या पानांचं जिवंत रोप. त्याच्या टोकाला हिरवी कळी पण धरली होती.

मेकॅनिक जाळी हातात धरून वाकला. मग अण्णांनी मांडीवर हात मारला.

"तुझ्या आईनं इंजिनात पेरनी केली की गं!"

आणि ते हसायला लागले, असे की खुर्ची मागे सरकली. मेकॅनिक हसला, निळे शर्ट हसले. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. झेंडूच्या पाकळीच्या देठाला बी असतं. वर्षभर आईने एकेक फूल जपून खोचलं होतं आणि गाडीने प्रत्येक फूल जपून गिळलं होतं.

मॅनेजर मात्र खूश झाला. त्याला निमित्त सापडलं. त्याने टॅब छातीशी धरला. "मॅम, आता तुम्हीच बघा. हे तर बाहेरून टाकलेलं आहे. पाण्याची वाट फुलांनी बंद झाली. पाणी खालच्या पट्टीत साठलं, म्हणून गंज. हे वॉरंटीत येत नाही. सॉरी मॅम."

अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या रोपाकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकदम स्वच्छ प्रकाश पडला.

"फुलं आमची," मी म्हणाले. "शंभर टक्के आमची. माझ्या आईने वाहिलीत. पण हे रोप केवढं आहे?"

"म्हणजे मॅम?"

"वीतभर तर सहज आहे. कळी धरलीय. हे काही काल रात्री उगवलेलं नाही. गाडी तुमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही म्हणालात, पाण्याच्या सगळ्या वाटा साफ केल्या. दुसऱ्यांदा आली, म्हणालात साफ केल्या. तिसऱ्यांदा, हा तुमच्यातलाच निळा शर्ट म्हणाला साफ केल्या. एकदा जरी ही जाळी उचलली असती ना, तर हे रोप इथे कसं राहिलं असतं? का तुम्ही साफ करताना त्याला पाणी घालून पुन्हा जाळी बसवली?"

मेकॅनिक दुसरीकडे बघायला लागला. खांदे हलत होते त्याचे.

"खाडीची हवा म्हणालात, कव्हर म्हणालात, मी राहते तिथली चूक काढलीत. जे पहिल्या दिवशी उघडायला पाहिजे होतं ते उघडलंच नाही. तेव्हा उघडलं असतं तर मी आईला तिथेच सांगितलं असतं, बाई, फूल वाहा आणि उचल. मग गंज पट्टीत उतरलाच नसता. कार्पेट आमच्या फुलांनी भिजलं, ते मी माझ्या पैशाने धुऊन घेते. पट्टी तुमची. ती कापून नवी बसवायची, फवारा नको. आणि रंग माझा पाहिजे, टोमॅटो नको."

मी आवाज चढवला नाही. लसूण निवडणाऱ्या बाईची मुलगी आहे मी, खराब पाकळी बाजूला काढायला आवाज लागत नाही.

मॅनेजर फोन घेऊन काचेच्या आत गेला. तिथे तो बराच वेळ हात हलवत बोलत होता, आम्हाला फक्त ओठ दिसत होते. अण्णा म्हणाले, "नक्की काय सांगत असंल वरच्याला? 'साहेब, गाडीत फुलबाग निघालीय'?" मी म्हटलं, "तेच सांगत असणार, दुसरं आहे काय सांगायला."

तो परत आला तेव्हा टॅब खाली होता. "मॅम, करून देतो आम्ही. दोन्ही पट्ट्या. कंपनी भरेल." मग पहिल्यांदाच निळ्या शर्टाशिवाय एखादा माणूस बोलावा तसा म्हणाला, "माझी आई पण स्कूटरला गजरा बांधते मॅम. तो साखळीत जातो."

"तिला सांगा, हँडलला बांध."

रोप कुणी फेकायचं, यावर थोडी चर्चा झाली. अण्णांनी ते मुळासकट, त्या काळ्या चिखलासकट, कॉफीच्या कागदी कपात घेतलं. कॉफी त्यांनी तीन कप प्यायली होती, मला न सांगता. गाडी तिथेच राहिली, म्हणून आम्ही रिक्षाने घरी आलो. अण्णा कप दोन्ही हातांत धरून बसलेले. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, कुठून आणलं?"

"गाडीच्या बॉनेटात आलंय."

रिक्षावाल्याने आरसा सरळ केला.

घरी आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आपल्याच हातून पोरीच्या गाडीचं वाटोळं झालं. मी म्हटलं, "आगं, तुझ्या त्या रोपामुळेच तर पट्ट्या मिळाल्या. ते नसतं तर ते मला अजून खाडीची हवाच सांगत बसले असते." तिने रोपाकडे निरखून बघितलं. मग अण्णांना म्हणाली, "बघा, तुमच्या हातनं कधी इंजिनात काय उगवलं का?"

रोप गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात लावलं. काही दिवस मान टाकून राहिलं, मग उन्हाने सरळ झालं आणि फुललं, त्या लालपेक्षा कितीतरी भडक केशरी. आता शुक्रवारी आई त्याचंच फूल तोडून खाली नेते, गाडीच्या बॉनेटवर ठेवते, हात जोडते आणि लगेच उचलून वर आणते. गाडीला दर्शन होतं, जाळीला काही मिळत नाही.

गाडी परत मिळाली ती जत्रेच्या दोन दिवस आधी. अण्णा दाराखाली हात घालून पट्टी शेवटपर्यंत चाचपत गेले. मग दुसऱ्या बाजूने. बोटं वर धरून बघितली, उन्हात. स्वच्छ होती.

"उद्या निघू," म्हणाले. "तुझी आई एसटीनं पुढं जाईल."

"मी का एसटीनं?" आई म्हणाली.

"मग येताना तू गाडीत बस, मी एसटीनं येतो. झालं?"

तसंच केलं. जाताना अण्णा माझ्या शेजारी बसून गावी गेले. देवळासमोर गाडी थांबली, पारावर म्हातारे होते, आणि अण्णा लगेच उतरले नाहीत, ठरल्याप्रमाणे थोडा वेळ आतच बसले. येताना आई बसली आणि घाट उतरेपर्यंत सगळ्या ट्रकवाल्यांकडे बघून हसत होती.

त्यानंतरचा पावसाळाही झाला. गाडी उघड्यावरच उभी असते. दोन्ही पट्ट्या नव्या आहेत, आत कोरडं आहे आणि गाडीवर कुठेही गंज नाही.